मीनावैनीच्या मागं कोण होतं

मीनावैनी,

तुझा फोन माझ्याकडे आहे. अश्विनीनं तो माझ्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "आत्या, मला नाही उचलवत." दहावीचा निकाल लागलाय, त्यामुळे दिवसभर वाजत असतो. कुणी देगलूरहून, कुणी गंगाखेडहून, कुणी अहमदपूरच्या पलीकडच्या तांड्यावरून. बोलणं एकच. मावशी, मुलीसाठी खोली आहे का, क्लासला चालत जाता येईल का, डबा घरचाच ना. सुरुवातीला मी सांगायचे की मावशी वारल्या. पलीकडचा बाप गोंधळायचा. मग विचारायचा, "दुसरी कुठली जागा सांगता का, जिथं पोरगी सुखरूप राहील?" मला सांगता येत नाही, वैनी. मला तेवढी एकच माहीत होती.

पेपरात तुझी बातमी आली. दादाच्या माणसांनी दिली असणार. 'मुरुड येथील सिमेंट व लोखंडाचे व्यापारी यांच्या धर्मपत्नी'. खाली फोटो, तोही लग्नातला, मान खाली घातलेला. लातुरात तू इतकी वर्षं राहिलीस, शेकडो पोरींना वाढलंस, त्याची एक ओळ नाही. म्हणून लिहायला बसले. त्या चौकटीत जे मावलं नाही ते तुलाच सांगायचंय. तू हसशील, म्हणशील, मला कशाला सांगतीस, मी होतेच की तिथं. होतीस, पण काही गोष्टी आपण दोघींनी कधी तोंडातून काढल्याच नाहीत.

तू आमच्या घरात आलीस ती भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. मुरुडला आमच्या घराच्या नुसत्या भिंती तडकल्या होत्या, तरी आम्ही कितीतरी दिवस अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. तुझं गाव औशाच्या पलीकडं. गणपती बुडवायला तू मामाच्या गावी गेली होतीस म्हणून राहिलीस. आई, वडील, धाकटा भाऊ, आजी, सगळे एकाच छपराखाली गेले. मामाला स्वतःच्या पोरी होत्या. त्यानं तुला उजवायची घाई केली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हुंड्याचं नाव न काढता तुला सून करून घेतली. मुरुडात अण्णांचं लई कौतुक झालं. अनाथ पोरगी पदरात घेतली, पुण्य कमावलं, असं लोक दुकानात येऊन सांगून जायचे. ते कौतुक पुढं तुझ्याच गळ्यात धोंड्यासारखं बांधलं जाणार होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. उपकाराखाली आलेल्या सुनेला तक्रार करायची सोयच उरत नाही.

मी तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. तू माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी. तू आल्यावर मला पहिल्यांदा घरात कुणीतरी बोलायला मिळालं. तुला कॉलेजात जायचं होतं, तुझं अकरावीचं पुस्तक तू मामाकडून लग्नाच्या ट्रंकेत घालून आणलं होतंस. दुपारी भांडी झाली की मला वाचून दाखवायचीस आणि म्हणायचीस, "हे मला समजलेलं हाय, आता तू समजून घे."

दादाचं दुकान तेव्हा जोरात होतं. सगळीकडे घरं बांधणं चाललं होतं, सळया आणि सिमेंटचे ट्रक दारात येऊन उभे राहायचे. सळया उतरवल्या की जमीन हादरायची, मांडणीवरची भांडी वाजायची. आणि तू हातातलं काम टाकून अंगणात पळायचीस. कणकेनं भरलेले हात घेऊन, कधी डोक्यावरचा पदर सांडलेला. पहिल्यांदा सगळे हसले. मग दादाला त्याचा राग यायला लागला. एकदा घरात पाव्हणे जेवायला बसले होते, तू वाढत होतीस, बाहेर ट्रक आला आणि तुझ्या हातातलं वरणाचं पातेलं सुटलं. तू बाहेर पळालीस. पाव्हण्यांसमोर शोभा केली म्हणून दादानं त्या दिवशी पहिल्यांदा हात उचलला. पाव्हणे जेवण अर्धं सोडून उठले नाहीत, वैनी. त्यांनी दुसरं वरण मागितलं.

त्यानंतर कारण लागायचं नाही. भाकरी जाड झाली, उत्तर दिलं, उत्तर दिलं नाही. सुरू झालं की शेजारची बाई रेडिओ मोठा करायची. माय, आमची आई, मला हाताला धरून दारापर्यंत आणायची आणि सांगायची, "जा, कोथिंबीर घेऊन ये." मी कोथिंबीर घेऊन यायचे तोवर सगळं शांत झालेलं असायचं. आमच्या घरात त्या काळी कोथिंबीर कायम जास्त असायची.

तुझा मामा एकदा आला होता. तू त्याला पाठीवरचे वळ दाखवलेस. तो चहा प्याला, डोळे पुसले आणि म्हणाला, "सांभाळून घे मीने. मी तुला नेऊन ठिवू कुठं?" त्या माणसाचा मला तेव्हा लई राग आला होता. आता वाटतं, निदान त्यानं पाठ बघितली तरी.

मी अकरावीत असताना दादानं दुकानातल्या लोखंडी पट्टीनं तुझा हात मोडला. मनगटाच्या वर, उजवा. तुला लातूरला दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि सोबत बाई माणूस पाहिजे म्हणून मला गाडीत बसवलं. वाटेत दादा एवढंच म्हणाला, "ओट्यावरून पडली." आपण दोघींनी ऐकून घेतलं. तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "कशानं झालं?" दादानं सांगितलं, "ओट्यावरून पडली." डॉक्टरीण तुझ्याकडे बघत होती आणि तू खाली बघत होतीस. तेव्हा मी बोलले. "पडली न्हाई. दादानं पट्टीनं मारलं." मी ठरवून बोलले नाही. लोक म्हणतात हिंमत केली, पण मला त्यात हिंमतीचं काही आठवत नाही. तिनं विचारलं आणि मला उत्तर माहीत होतं, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी दादाला बाहेर पाठवलं आणि सगळं लिहून घेतलं. मग पोलीस आला. वयस्क माणूस होता, वाईट वाटला नाही. तुझ्या पलंगाशी स्टूल घेऊन बसला आणि म्हणाला, "बाई, जबाब घेतो मी. पण इचार करा. आज तुम्ही लिहून द्याल, उद्या ऱ्हायचं कुठं?" तू त्याला म्हणालीस, "ते मला बी कळंना झालंय, साहेब." तो कागद घेऊन उद्या येतो म्हणून गेला.

घरी माझी शिक्षा ठरलेली होती. पोरगी हाताबाहेर गेली, भावाला पोलिसांत द्यायला निघाली. अण्णांनी माझं कॉलेज बंद केलं आणि कळंबकडचं एक स्थळ बघून ठेवलं.

आणि मग ती बैठक. तिच्याबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून आज बोलते. तू प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर घेऊन सतरंजीच्या कडेला बसलेली. समोर चुलते, एक रिटायर गुरुजी, तुझा मामा, गावातले दोन-चार मोठे लोक. दादा दाराला टेकून उभा. मी आणि माय आतल्या दाराआड. चुलत्यांनी सुरुवात केली.

"हे बघ पोरी, तुझ्या मागं कोण हाय? माहेर तर मातीत गेलं. अण्णासारखा सासरा मिळाला. जरा दमानं घ्यावं."

तू म्हणालीस, "मागं कोण न्हाई म्हणूनच हात उठतोय, काका. माझा बाप असता तर तुम्ही आज मला न्हाई, यांना समजावत बसला असता."

चुलत्यांनी गुरुजींकडे बघितलं. मग गुरुजी म्हणाले, "तसं न्हाई, त्यालाबी सांगणार हावं की आम्ही." आणि ते दादाकडे वळून म्हणाले, "राग आवरत जा बाबा." झालं. तेवढीच त्याची शिक्षा. त्यानंतर चहा आला.

पोलिसाला तू 'पडले' असं लिहून द्यावं, एवढ्यासाठीच ते सगळे जमले होते. कपबशा उचलल्यावर चुलत्यांनी तसं विचारलं. मला वाटलं तू नाही म्हणशील. देवाशप्पथ, मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "देते लिहून. नांदते बी. पण नंदाचं ते स्थळ मोडा. तिला बारावी करू द्या. पुढं जिथं नंबर लागंल तिथं धाडा. तिच्या शिक्षणाला कुणी आडवं आलं, तर मी पुन्ना त्याच डॉक्टरीणबाईकडं जाईन आन पहिल्यापासून सगळं सांगंन."

दाराआड मायनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नंतर वळ दिसत होते. ती काही बोलली नाही. बोलली असती तर एवढ्या लोकांत कुणी ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही.

वैनी, मी बारावी झाले. माझा नंबर नांदेडला लागला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. तू मात्र ते सगळे दिवस त्या घरात काढलेस. हात पहिल्यासारखा जुळला नाही, भाकरी थापता येईना, तू लाटून करायला शिकलीस. अश्विनी त्याच दिवसांत झाली. मी खोलीत अभ्यास करत बसलेले असायचे आणि बाहेर आवाज चढला की पुस्तकावर डोकं टेकायचे. एकदा मी उठून बाहेर आले तर तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. आत जा. बस तेवढंच. आजही मला कुणी विचारलं शिक्षण कुठं झालं, तर मी कॉलेजचं नाव सांगते आणि लगेच दुसरा विषय काढते.

पुढं किती वर्षांनी एकदा विष्णुपुरीच्या धरणावर आपण बसलो होतो, अश्विनी कणीस खात होती, तेव्हा मी विषय काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, "वैनी, तू माझ्यासाठी..." तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. "त्यागबिग काय न्हाई त्यात, नंदे. त्या घरात खरं बोलणारं एकच माणूस होतं. ते शिकलेलं असावं असं मला वाटलं. माझ्या कामाचं होतं ते." आणि तू अश्विनीला हाक मारलीस. आता वाक्य पुरं करायला मोकळीक आहे तर ते मला सापडत नाही.

मला हॉस्टेलवर सोडायला तू आणि अण्णा आला होतात. अश्विनी तुझ्या कडेवर. परत जाताना लातूरच्या स्टँडवर मुरुडची गाडी लागली, अण्णा चढले, आणि तू खालीच उभी राहिलीस. हे तू मला नंतर सांगितलंस, आणि एवढ्या शांतपणे सांगितलंस की जणू भाजी आणायला थांबली होतीस. "अण्णा, तुम्ही जावा. मी येत न्हाई आता. नंदाचं काम झालं." अण्णा खिडकीतून म्हणाले, "अगं पण जाशील कुठं?" तू म्हणालीस, "हितंच." गाडी सुटली. अण्णांनी उतरून तुला धरलं नाही. मरेपर्यंत ते हा प्रसंग दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचे, सून न सांगता पळून गेली म्हणून.

लातूर तेव्हा नुकतं बदलायला लागलं होतं. निकाल लागला की पेपरभर पोरांचे फोटो, गल्लोगल्ली क्लास, खेड्यापाड्यांतून पेट्या घेऊन उतरणारी मुलं. तू एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागलीस, वाकड्या मनगटानं. मग दोन खोल्या, मग अख्खा वरचा मजला, फक्त मुलींसाठी. 'मावशीच्या खोल्या' म्हणून लोक ओळखायला लागले. मी सुट्टीला यायचे तेव्हा जिन्यावर चपलाच चपला. कुणी रडत असायची, चाचणीत मार्क कमी पडले म्हणून. तू तिला म्हणायचीस, "चल, कांदे चिर. रडायला कारण तरी बरं मिळंल."

आणि आपलं ते कायमचं भांडण. मी नांदेडलाच नोकरीला लागल्यापासून तुझ्या मागं लागले होते, फारकत घे. वकील मी बघते, कागद मी बघते. तू दर वेळी टाळायचीस. एकदा मी चिडून म्हटलं, "गळ्यात त्याच्या नावाचं मंगळसूत्र घालून कशाला फिरतीस? लाज वाटत नाही का?" तू मंगळसूत्र पदराबाहेर काढलंस आणि म्हणालीस, "पोरगी ठेवायला येणारा बाप आधी काय बघतो सांग. खोली? न्हाई. संडास-बाथरूम? न्हाई. हे बघतो. मग इचारतो, साहेब काय करतात? मी सांगते, मुरुडला दुकान हाय. मग तो पोरीची पेटी खाली ठिवतो. फारकत घेतलेल्या बाईच्या घरी तू तरी ठिवशील का तुझी पोरगी?" मी म्हटलं, ठेवीन. तू म्हणालीस, "तू ठिवशील. नांदेडची एक पोरगी झाली. बाकीच्या मजल्याचं काय?"

मला पटलं नाही, वैनी. अजूनही पटत नाही. पण तुझ्याकडे उत्तर होतं आणि माझ्याकडे फक्त राग होता.

कंधारची नाझिया तुझ्याकडे आली तेव्हा अकरावीत होती. वडील सलीमभाई, स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान. हुशार, बोलकी पोरगी. काही महिन्यांनी ती जेवेनाशी झाली, क्लासला जायचं म्हटलं की पोटात दुखायचं. तू तिला रागावली नाहीस, डॉक्टरकडेही नेलं नाहीस. स्वयंपाकघरात शेजारी बसवून घ्यायचीस, काही न विचारता. एके दिवशी तिनंच सांगितलं. क्लासमधले एक सर शंका विचारायला केबिनमध्ये बोलवायचे आणि दार लावून घ्यायचे.

तू कळवलंस तसे सलीमभाई दुसऱ्याच दिवशी आले, पोरीची पेटी भरली. तू त्यांना म्हणालीस, "आधी जेवा." ते जेवले नाहीत. म्हणाले, "भाभी, पोरीला घेऊन चाललो. पढाई झाली आता."

"गुन्हा केला कुणी? आन कोंडायचं हिला?"

"लोक हिचंच नाव घेतील, भाभी. त्या सरचे फोटो चौकाचौकात हायेत. माझं दुकान एका फळीचं. मला काही समजून नाही राहिलं."

ते घेऊन गेले. तू मला फोन केलास, आणि मी तुला पहिल्यांदा फोनवर रडताना ऐकलं. म्हणालीस, "नंदे, एवढी वर्षं झाली, एवढे मजले चढले, एवढे बोर्ड लागले. पोरगी बोलली की अजून पेटीच भरतात."

पण आठवड्याभरात सलीमभाई परत आले. नाझिया सोबत होती. दारातच म्हणाले, "ही जेवून नाही राहिली. काल मला म्हणती, अब्बा, त्यांनी दार लावलं आणि तुम्हीपण लावलं. भाभी, पोलीस स्टेशनला तुम्ही सोबत येता का?" तू हातातला झारा ठेवलास आणि पदराला हात पुसत निघालीस.

त्यानंतर काय झालं ते सगळ्या लातुरानं बघितलं आणि कुणी बघितलं नाही. क्लासची माणसं तुझ्याकडे आली, गोड बोलली. "मावशी, तुमच्या खोल्या आमच्याच मुलींवर चालतात ना." मग एकेक पालक यायला लागले. एक आई पोरीची गादी गुंडाळताना तुला म्हणाली, "मावशी, तुमचं बरोबर आहे हो. पण आमच्या मुलीचं हे वर्ष महत्त्वाचं आहे." तू तिला गादी बांधायला मदत केलीस. गल्लीत लोक बोलायला लागले, नवऱ्याला सोडून राहिलेली बाई, हिचंच काहीतरी असणार. एवढी वर्षं सांभाळलेलं मंगळसूत्र काही कामाला आलं नाही. त्या वर्षी वरच्या मजल्यावर नाझिया आणि दुसऱ्या दोघी, बाकी रिकामं. तू मुलांच्या हॉस्टेलला डबे देऊन ते वर्ष काढलंस. मी म्हटलं, "आता तरी नांदेडला ये माझ्याकडे." तू म्हणालीस, "हिची बारावी व्हायची हाय."

ते सर आता दुसऱ्या गावात शिकवतात. केस चालू आहे, तारखा पडत राहिल्यात. नाझिया फार्मसी शिकली, नांदेडला नोकरी करते, आणि प्रत्येक तारखेला स्वतः जाते. सलीमभाई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसतात. पुढच्या तारखेला तुझी साक्ष होती. तू नवी साडी इस्त्री करून ठेवली होतीस आणि मला फोनवर विचारलं होतंस, "वकील उलटं इचारतात तेव्हा काय करायचं गं?" मी म्हटलं, जे झालं ते सांगायचं. तू म्हणालीस, "ते तुला सोपं हाय."

ती साक्ष राहिली, वैनी.

सकाळी पोरींचे डबे भरताना तुझ्या छातीत दुखलं. पोरींनीच तुला रिक्षात घातलं, पोरीच दवाखान्यात पळाल्या. मी नांदेडहून निघाले होते. चाकूरजवळ फोन आला. मी गाडी बाजूला घेतली आणि रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या रानात उभी राहिले. रडूही आलं नाही तेव्हा. मला सारखं वाटत होतं, की अजून पोचायचंय.

मी पोचले तेव्हा तुला खालच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. जिन्यावर मुली बसलेल्या, क्लासच्या बॅगा पाठीवर तशाच. अश्विनी हैदराबादहून दुपारी आली. आणि दादाही आला, गाडी घेऊन, पांढरे कपडे घालून, सोबत माय. त्या बैठकीतले लोक आता बहुतेक गेले, त्यांची मुलं आली होती. बोलणं मात्र तेच. नवऱ्याचा मान असतो. झालं गेलं. आता मातीला कशाला वाद.

दादानं हिरवी साडी आणली होती. बायांनी तुला नेसवली. गल्लीत तुझ्याबद्दल नको ते बोलणारी एक बाई म्हणाली, "अहेव गेली बघा, नवऱ्याच्या आधी. लई भाग्याची." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग कुणीतरी कुंकवाचं ताट पुढं केलं. मळवट नवऱ्याच्या हातून भरायचा असतो. दादा वाकला, त्यानं अंगठा कुंकवात बुडवला. अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. आपलं भांडण मी जिंकले होते, वैनी, आणि मला जिंकायचं नव्हतं. फारकत घेतली असतीस तर हा माणूस आज या ताटाजवळ आला नसता. मी उठायला लागले.

माझ्या आधी माय बोलली. ती तुझ्या उशाशी बसलेली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला.

"हात लावू नको तिला."

दादाला आधी समजलंच नाही. "माय, लोक बघून राहिले."

"बघू दे. तवा बी बघतच होते."

तो तसाच वाकलेला राहिला. मायनं ताट उचलून बाजूला ठेवलं. तुझा उजवा हात हिरव्या साडीतून बाहेर काढून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि मनगटाच्या वर जिथं हाड वाकडं जुळलंय तिथं ती अंगठा फिरवत राहिली. त्या हाताला तिनं आधी कधी हात लावलेला मी बघितला नव्हता.

मी तुला सगळं छान झालं म्हणून सांगणार नाही. दादा बाहेर जाऊन खुर्चीवर बसला. लोक त्याच्याजवळ जात होते, खांद्यावर हात ठेवत होते, त्याला पाणी आणून देत होते. धर्मपत्नी गेली म्हणून. तुझ्या पोरी जिन्यावर बसलेल्या होत्या, त्यांच्याकडे कुणी गेलं नाही, सलीमभाई सोडून. ते एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत खाली आले. अग्नी अश्विनीनं दिला. त्यावरही कुरकुर झाली, पण तोवर मायकडे बघून कुणी मोठ्यानं बोललं नाही.

परत जाताना माय दादाच्या गाडीत बसली नाही. माझ्याकडे आली, म्हणाली, "मला नांदेडला ने." तिचं वय झालंय, दिसायलाही कमी झालंय. अहमदपूर मागं पडेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग तिनं एकदम विचारलं, "नंदे, मी बोलले ते तिला ऐकू गेलं असंल का?"

तिला 'हो' म्हणावं असं मला फार वाटलं. म्हातारं माणूस, त्यात कधी नव्हे ते बोललेलं. पण शेजारी तू बसली असतीस तर माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "न्हाई, माय. तोवर ती गेली होती."